आधी डावा हात

युकुलेली हातात घेतलेल्या माणसाचा फोटो पडद्यावर उघडला की मी आधी त्याचा डावा हात बघते. चेहरा नंतर, कपडे नंतर, मागचे माड आणि समुद्र सगळ्यांत शेवटी. बोटांची टोके तारांवर दाबलेली असतील, अंगठा मानेच्या मागे टेकलेला असेल, तर तो माणूस वाजवतो आहे. बोटे मानेभोवती नुसतीच आवळलेली असतील, तर कुणीतरी त्याला "हे धर आणि इकडे बघ" असे सांगितलेले असते. सी कॉर्डला एकच बोट लागते, सगळ्यांत खालच्या तारेवर, तिसऱ्या पडद्यात. तेवढे एक बोटसुद्धा कितीतरी फोटोंमध्ये सापडत नाही.

चित्रे शोधणे हे माझे काम आहे. पुण्यातल्या काही प्रकाशकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी मी ते करते. मजकूर तयार झाला की त्याला लागणारी जुनी छायाचित्रे, चित्रे, नकाशे, जाहिराती शोधायच्या, ती खरोखर त्याच विषयाची आहेत का ते तपासायचे, वापरायची परवानगी मिळवायची आणि शेवटी चित्राखालची ओळ लिहायची. त्या ओळीला सहसा पानावर सगळ्यांत कमी जागा मिळते आणि कामाच्या वेळापत्रकात सगळ्यांत कमी वेळ. मला मात्र तीच सर्वांत जोखमीची वाटते. मजकुरातली चूक वाचक पत्राने कळवतो. चित्राखालची चूक पुढचा संपादक उचलतो, मग त्याच्या पुढचा, आणि काही वर्षांत तीच माहिती होऊन बसते.

युकुलेलीशी गाठ पडली ती मुलांसाठीच्या एका पुस्तकामुळे. जगभरातली तंतुवाद्ये असा विषय होता. सारंगी, रबाब, आफ्रिकेतला कोरा, चीनमधला पिपा अशा मंडळींमध्ये युकुलेलीला समोरासमोरची दोन पाने मिळाली. संपादक ताईंचे म्हणणे रास्त होते: आज पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ मुलांच्या हातात येणारे पहिले तंतुवाद्य हेच असते. चारच तारा, त्याही नायलॉनच्या, म्हणजे बोटे सोलत नाहीत आणि लहान हातात मान नीट मावते. मग वाचकाच्या हातातले वाद्य कुठून आले, हे त्याला चित्रांतून दिसायला हवे.

शोध सुरू केला आणि पडद्यावर लोटच आला. पहिल्या फेरीत जे मिळते ते जवळपास सगळे विक्रीसाठी काढलेले असते. पांढऱ्या वाळूवर बसलेली हसरी मुलगी, गळ्यात फुलांचा हार, मांडीवर चकचकीत वाद्य. ही चित्रे मला नकोशी होतात, कारण त्यांतले वाद्य काढून तिथे शहाळे ठेवले तरी चित्र तेच राहील. वाद्यावरच्या पुस्तकात असे चित्र घालणे म्हणजे मुलांना वाद्य न दाखवणे.

खरी चित्रे जुन्या संग्रहांत आहेत, आणि तिथे पोहोचायला शोधाचे शब्द बदलावे लागतात. शंभर वर्षांपूर्वीच्या वार्ताहरांनी आणि दुकानदारांनी या वाद्याचे स्पेलिंग सर्रास चुकीचे लिहिले आहे. त्या चुकीच्या स्पेलिंगने शोधल्यावर वेगळाच खजिना उघडतो. त्याशिवाय 'टारोपॅच' म्हणून शोधायचे (हा युकुलेलीचा थोडा मोठा, पाच किंवा आठ तारांचा भाऊ), 'माशेत' म्हणून शोधायचे, 'ब्रागिन्या' म्हणून शोधायचे. शेवटची दोन नावे पोर्तुगीज आहेत आणि तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज मदेरा या पोर्तुगीज बेटावरून चारशेहून अधिक माणसे घेऊन हवाईतल्या होनोलुलूला पोहोचले. उसाच्या मळ्यांवर काम करायला आलेली ती कुटुंबे होती. त्यांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. लोकांबरोबर त्यांचे माशेत हे छोटे तंतुवाद्यही आले होते. काही दिवसांतच तिथल्या वर्तमानपत्राने लिहिले की मदेराची ही मंडळी रोज रात्री रस्त्यावर वाजवून लोकांना रिझवत आहेत. मळ्यावरचा करार संपल्यावर या तिघांनी होनोलुलूत माशेतवरून युकुलेली बनवायला घेतली, तिथल्या कोआ लाकडात. कोआ हे आपल्या बाभळी-खैराच्या कुळातले झाड. ऊन लागले की त्याच्या चिरलेल्या फळीत सोनेरी-तपकिरी लाटा दिसतात, आणि जुन्या कृष्णधवल फोटोतही त्या लाटांचे पट्टे ओळखू येतात. वाद्य हवाईतले असावे, हा माझा पहिला अंदाज त्या पट्ट्यांवरून असतो.

हवाईचा राजा डेव्हिड कालाकाउआ याने या वाद्याला दरबारात जागा दिली. हाच राजा १८८१ मध्ये जगप्रवासाला निघाला असताना कोलकात्याहून मुंबईलाही आला होता. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हुला नृत्याबरोबर युकुलेली वाजली. मिशनऱ्यांनी ज्या नृत्याला पाप ठरवले होते, ते त्याने पुन्हा उजळ माथ्याने लोकांसमोर आणले आणि हे नवे वाद्य त्याच्या सोबतीला दिले. त्याच्या पश्चात बहीण लिलिउओकालानी गादीवर आली. ती स्वतः संगीतकार होती. १८९३ मध्ये अमेरिकी व्यापारी आणि मळेवाल्यांच्या गटाने तिला पदच्युत केले आणि १८९८ मध्ये हवाई अमेरिकेला जोडली गेली. होनोलुलूतल्या स्टुडिओंमध्ये काढलेले हुलाचे सर्वांत देखणे फोटो याच उलथापालथीच्या वर्षांतले आहेत.

त्या फोटोंपाशी मी सर्वाधिक वेळ थांबले. मागे रंगवलेला पडदा, खाली चटई, चार-पाच बायका पानाफुलांच्या माळा घालून बसलेल्या, एकीच्या हातात गिटार, एकीच्या हातात युकुलेली. काचेच्या निगेटिव्हवरून केलेले स्कॅन इतके बारीक असतात की मोठे करत गेले तर वाद्याचे खुंटेही दिसतात. ते साधे लाकडी, घर्षणावर टिकणारे खुंटे, आपल्या सतारीसारखेच दर थोड्या वेळाने पिळावे लागणारे. त्या काळी तारा आतड्याच्या असत, नायलॉन फार पुढे आले. आणि डावा हात? बहुतेक ठिकाणी बोटे बरोबर जागी असतात. या बायका वाजवणाऱ्या होत्या. कॅमेऱ्यापुढे स्थिर बसायचे म्हणून चेहरे ताठ झाले आहेत, पण हाताला त्याचे काम माहीत आहे.

खालची ओळ मात्र बहुतेक वेळा 'हुला मुली' एवढीच. नावे नाहीत. छायाचित्रकाराचे नाव पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत छापलेले असते, स्टुडिओचा पत्ता असतो. ज्यांच्यामुळे फोटो विकला गेला त्यांचे काहीच नाही. पुढे याच फोटोंची पोस्टकार्डे झाली, त्यांवर रंग चढवले गेले. १९१० च्या सुमारास होनोलुलूत येऊन राहिलेला रे जेरोम बेकर याच्यासारख्या छायाचित्रकारांनी तिथल्या जीवनाचे हजारो फोटो काढले, हाताने रंगवलेल्या काचांचे खेळ परदेशात दाखवले. बेकरचे काम मला आवडते, त्याला प्रकाश कळत होता. तरीही त्या सगळ्या साठ्यातून आगबोटीने येणाऱ्या पाहुण्यांना हवी तेवढीच हवाई बाहेर गेली, हे बघताना सतत जाणवते.

आमच्या पुस्तकासाठी ताईंना एक रंगीत पोस्टकार्ड फार आवडले होते. लाल फुले, निळे पाणी, पान उजळून निघाले असते. मी त्यातला डावा हात मोठा करून दाखवला. वाद्य छातीशी धरलेले, चारही बोटे तारांपासून दूर. "ताई, हिच्याकडून मुले काय शिकणार?" एवढेच विचारले. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग ज्या खरंच वाजवतायत त्या आणा, कृष्णधवल असल्या तरी चालतील." इतके सरळ उत्तर देणारे संपादक भेटले की काम करायला हुरूप येतो.

दुसरे मोठे भांडार म्हणजे गाण्यांच्या छापील वह्यांची मुखपृष्ठे. १९१५ मध्ये पनामा कालव्याच्या निमित्ताने सॅन फ्रान्सिस्कोत मोठे प्रदर्शन भरले. हवाईच्या दालनात जॉर्ज अवाई आणि त्याचे साथीदार रोज वाजवत. लाखो लोकांनी तिथे हे वाद्य पहिल्यांदा ऐकले आणि अमेरिकेला त्याचे वेड लागले. न्यू यॉर्कच्या गीतप्रकाशकांनी हवाईवरच्या गाण्यांचा पाऊस पाडला. ती लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांनी हवाई पाहिलेली नव्हती आणि मुखपृष्ठे काढणाऱ्यांनीही नसावी. मोजक्या रंगांत छापलेला चंद्र, माडाचे खोड, गवताचा घागरा आणि हातात युकुलेली. कित्येक चित्रांत वाद्याला सहा खुंटे आहेत, कुठे तारा तीनच. कोपऱ्यात गायिकेचा छोटा गोल फोटो.

तरी या मुखपृष्ठांवर माझा जीव आहे. रेषा सुंदर आहेत, अक्षररचना धाडसी आहे, आणि काळ ठरवायला ती मदत करतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात कागद महागला तसा या वह्यांचा आकार लहान झाला, त्यामुळे मोठ्या आकाराची वही दिसली की ती साधारण त्याआधीची धरता येते. हवाईबद्दल ती फारसे काही सांगत नाहीत, पण अमेरिकेला हवाई कशी हवी होती ते पुरते सांगतात. म्हणून पुस्तकात एक मुखपृष्ठ घेतले आणि खाली तसेच लिहिले: हे चित्र न्यू यॉर्कमध्ये छापले, चित्रकाराने वाद्याचे खुंटे चुकवले आहेत, मोजून बघा. मुलांना चूक शोधायला आवडते, आणि त्यासाठी ती खरे खुंटे नक्की मोजतील.

१९१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिन कंपनीने युकुलेली बाजारात आणली आणि त्याच वर्षी होनोलुलूत सॅम्युएल कामाका यांनी आपला कारखाना सुरू केला. तो त्यांच्या घराण्याकडे आजही चालू आहे. पुढच्या दशकात शिकागोच्या कारखान्यांनी वाद्याच्या पोटावरच चित्रे छापायला सुरुवात केली: माड, होड्या, कॉलेजची निशाणे, 'हॅरल्ड टीन' या चित्रमालिकेतली पात्रे. अशा वाद्यांचे फोटो संग्राहक फार निगुतीने काढतात. आजही एमी क्रिहोरसारख्या चित्रकार आपल्या चित्रांत युकुलेली आणतात आणि युकुलेलीवर चित्रेही काढतात. या रंगवलेल्या वाद्यांसाठी दोन पाने पुरणारी नव्हती, त्यांवर कुणीतरी वेगळे पुस्तक करायला हवे.

वृत्तसंस्थांचे फोटो हा आणखी एक प्रदेश. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेन वृत्तसंस्थेच्या काचेच्या निगेटिव्हांचा प्रचंड साठा आहे. त्यांतले बरेच फोटो २००८ पासून फ्लिकरच्या 'कॉमन्स' विभागात सर्वांसाठी खुले होत गेले. निगेटिव्हवरच घाईघाईने खरडलेली ओळ असते, कधी नुसते आडनाव. मग जगभरातले हौशी लोक जुन्या वर्तमानपत्रांतून त्या माणसाचा पत्ता लावतात, तारीख पक्की करतात, जागा ओळखतात. कुणी पैसे देत नाही, तरी ही माणसे एका नावासाठी रात्री घालवतात. माझ्या धंद्यातल्या कुणाहीपेक्षा मी त्यांच्याकडून अधिक शिकले.

उलटा छापलेला फोटो ओळखायलाही तिथेच शिकले. काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने ठेवली की उजव्या हाताने वाजवणारा डावखुरा होतो. अक्षरे नसतील तर ते चटकन कळत नाही. अशा वेळी कोटाची बटणे बघायची. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, वरचा खिसा डाव्या छातीवर असतो. दोन्ही उलटे असतील तर वाजवणारा डावखुरा नाही, फोटो उलटा आहे. बटणे सरळ असतील तर तो खरोखर डावखुरा, आणि मग मला त्याचे नाव शोधावेसे वाटते.

वाजवणाऱ्यांच्या शोधात दोन फोटो असे मिळाले की कामाचा सगळा शीण गेला. पहिला एका वाद्याचा. मे १९२६ मध्ये अमेरिकी वैमानिक रिचर्ड बर्ड उत्तर ध्रुवाकडे उडाला. ध्रुवापर्यंत तो पोहोचला की नाही यावर अजून वाद आहे. त्याच्या मोहिमेत रिचर्ड कॉन्टर नावाचा एक नौसैनिक होता, युकुलेलीचा निस्सीम भक्त. त्याने आपली मार्टिन युकुलेली विमानात लपवून धाडली. परतल्यावर मोहिमेतल्या सहकाऱ्यांच्या, मग अमुंडसेन, एडिसन, लिंडबर्ग अशा लोकांच्या सह्या त्या लाकडावर घेत गेला. ते वाद्य आज मार्टिनच्या संग्रहालयात आहे. काळाच्या ओघात शाई उडाली होती. अभ्यासकांनी विशेष छायाचित्रण तंत्राने त्या पुसट सह्या पुन्हा वाचल्या. छायाचित्रणाचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

दुसरा फोटो नासाचा. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघांना संसर्गाच्या भीतीने बंद फिरत्या घरात ठेवले होते. त्या घरात नील आर्मस्ट्राँग युकुलेली वाजवत बसलेला आहे. नासाच्या बहुतेक छायाचित्रांवर स्वामित्वहक्काचे बंधन नसते, त्यामुळे हा फोटो विनामूल्य मिळाला. चंद्रावर पाऊल ठेवलेला माणूस इतके छोटे वाद्य घेऊन बसला आहे, हे बघून ताईंच्या घरची मुले एकदम सरसावून पुढे आली. त्या दिवशीच त्याची जागा पक्की झाली.

हक्कांविषयी थोडे सांगते, कारण नव्याने या कामात येणारी मुले नेटवर दिसते ते आपलेच समजतात. भारतात छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो, चित्रकाराच्या चित्रावरचा त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. अमेरिकेचे नियम वेगळे आहेत. तिथे वीस वर्षांच्या खंडानंतर १ जानेवारी २०१९ पासून दरवर्षी एकेका वर्षाचे जुने साहित्य पुन्हा खुले होऊ लागले. १९१५-१७ ची मुखपृष्ठे त्याआधीपासूनच मोकळी आहेत. 'ब्लू हवाई' या १९६१ च्या तबकडीवरचा एल्विस युकुलेली धरून कितीही प्रसन्न हसत असला तरी त्याला हात लावता येत नाही. आणि संग्रहालय जेव्हा 'ज्ञात निर्बंध नाहीत' असे लिहिते, तेव्हा आमच्या माहितीत कुणाचा हक्क नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. पुढची जबाबदारी छापणाऱ्याची. आज हयात असलेल्या चित्रकाराला किंवा छायाचित्रकाराला तर विचारायचे, नाव द्यायचे आणि पैसे द्यायचे. नुसते 'इंटरनेटवरून साभार' लिहिणे हे आभार नव्हेत.

अखेर दोन पानांवर चारच चित्रे लागली. डाव्या पानावर १८९० च्या दशकातला होनोलुलूचा स्टुडिओतला फोटो, पूर्ण पानभर. उजव्या पानावर गाण्याचे मुखपृष्ठ, कॉन्टरची सह्यांनी भरलेली युकुलेली आणि आर्मस्ट्राँग. स्टुडिओतल्या बायकांची नावे शेवटपर्यंत मिळाली नाहीत. खाली मी लिहिले: 'या वादकांची नावे छायाचित्रकाराने नोंदवली नाहीत. डावीकडून दुसरीच्या हातात युकुलेली आहे, आणि ती वाजवत आहे.' ओळ लांब झाली म्हणून मांडणीकाराने कापायला मागितली, ताईंनी कापू दिली नाही.

हे काम संपल्यावर मी आपल्या घरांतले अल्बम वेगळ्या नजरेने बघू लागले. हवाईचे सूर आपल्याकडेही आले होते. ताऊ मो हे हवाईचे वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिले, शिकवले. पुढे वॅन शिपले आणि हजारासिंग यांच्या हवाइयन गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. गिरगाव, दादर, मडगाव, नागपूर इथल्या किती हौशी वाद्यवृंदांत, शाळांच्या संमेलनांत, लग्नांच्या बँडमध्ये ही वाद्ये वाजली असतील. त्यांचे फोटो आहेत. चार तरुण एकाच तऱ्हेच्या शर्टात, मांडीवर आडवी गिटार, मागे कापडी फलक. मागच्या बाजूला काहीच लिहिलेले नसते, आणि विचारायला आता घरात कुणी उरलेले नसते.

तुमच्याकडे असा फोटो असेल तर आजच तो बाहेर काढा. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि विचारा: हा कोण, ही कोण, हातात काय आहे, कुठे आणि कधी. ते फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीने, जोर न देता लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. स्टुडिओचा शिक्का असेल तर त्यावर काही चिकटवू नका. आणि स्कॅन करताना फोटोची मागची बाजूही स्कॅन करा.